सभा, भाषण आणि आपली नालवाडी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने "काका, तुम्ही सोसायटीचा इतिहास लिहा" असं सांगितलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. पाया कधी खोदला, बोअरला पाणी किती फुटांवर लागलं, कंपाउंडच्या भिंतीला किती खर्च आला, हे सगळं अध्यक्षांच्या मनोगतात आणि खजिनदारांच्या अहवालात येणारच आहे. बँकेत ३८ वर्षं आकडेच लिहिले, आता या वयात पुन्हा आकडे कशाला? पण मंडळातल्या एका सूनबाईंनी विचारलं, "काका, ती शनिवारची सभा कशी सुरू झाली हो? आमचे हे नेहमी सांगतात." मग म्हटलं, याच्यावर लिहितो.

आपल्या सोसायटीत जून २०११ पासून मार्च २०२० पर्यंत दर शनिवारी संध्याकाळी ५ वाजता वरच्या हॉलमध्ये बोलण्याची सभा भरत असे. तिला नाव नव्हतं, पावती पुस्तक नव्हतं, बॅनर तर नव्हताच. कधी आठ जण यायचे, कधी पंचवीस. एक स्टीलचं ताट, एक चमचा, तीन रंगीत पुठ्ठे आणि वाटीभर चिंचोके एवढीच तिची मालमत्ता. आज ज्या घरांतली पोरं पुण्याला, बंगलोरला नोकरी करतात, त्यांतली निम्मी तरी या हॉलमध्ये थरथरत उभी राहिलेली आहेत. मीही राहिलो आहे.

माझी भीती

आधी माझंच सांगतो. मला चारचौघांत बोलता येत नसे. काउंटरवर ग्राहकाशी, केबिनमध्ये कर्जदाराशी तासभर बोलेन. पण कोणी "साहेब, दोन शब्द बोला" म्हटलं की तोंड कोरडं पडायचं. एका सहकाऱ्याच्या निरोप समारंभात मी उठलो, "आजचा दिवस" एवढं म्हणालो आणि पुढचं काही आठवेना. टाळ्या वाजल्या म्हणून सुटलो. तो सहकारी माझा वीस वर्षांचा मित्र होता. त्याच्याविषयी सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं, ते राहूनच गेलं.

पुढे 'सत्याचे प्रयोग' पुन्हा वाचताना थोडा धीर आला. बॅरिस्टर होऊन विलायतेहून आलेले गांधीजी मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्याच खटल्यात उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. घेतलेली ३० रुपये फी परत करून ते बाहेर पडले. विलायतेतही शाकाहारी मंडळाच्या बैठकीत लिहून नेलेलं भाषण त्यांना वाचता आलं नव्हतं, दुसऱ्याने वाचलं. तो माणूस पुढे आपल्या सेवाग्रामला येऊन राहिला आणि सगळा देश त्याचं ऐकू लागला. या बुजरेपणामुळे आपण शब्द जपून वापरायला शिकलो, असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे.

२०१० साली निवृत्त झालो आणि पुतण्याकडे पुण्याला गेलो. तो दर आठवड्याला एका टोस्टमास्टर्स क्लबात जायचा. मला वाटलं, काही खाण्यापिण्याचं असेल. गेलो तर तिथे वीस-पंचवीस तरुण मुलंमुली एकामागून एक उभी राहून बोलत होती. बोलणाऱ्याचा वेळ मोजायला एक जण, वेळ कुठवर आली हे दाखवणारे हिरवा, पिवळा, लाल असे दिवे. "अँ", "म्हणजे", "यू नो" किती वेळा आलं हे मोजायला दुसरा. भाषेच्या चुका टिपायला तिसरा. आणि भाषण झाल्यावर त्यातलं चांगलं काय, सुधारायचं काय, हे तोंडावर सांगणारा चौथा. कोणी कोणाला हसत नव्हतं. या चळवळीची सुरुवात २२ ऑक्टोबर १९२४ ला अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सांता आना गावी राल्फ स्मेडली नावाच्या गृहस्थाने वाय.एम.सी.ए.च्या इमारतीत केली, असं पुतण्याने सांगितलं. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

परत आलो आणि आपल्याकडे तसंच काही करावं असं ठरवलं. दिव्यांऐवजी पुठ्ठे, घंटेऐवजी ताट-चमचा. "अँ… काय आहे की…" असं झालं की एक लहान पोरगा वाटीत चिंचोका टाकायचा. टपकन आवाज यायचा. बोलणारा दचकायचा आणि पुढच्या वेळी सावध व्हायचा. माझ्या पहिल्या भाषणाला एकोणीस चिंचोके पडले. सौ. म्हणाली, "आता चौफुला खेळता येईल."

हे सगळं नवीन नव्हे

पुतण्याच्या क्लबामुळे मला वाटलं होतं की सभेत बोलायला शिकवणं ही परदेशी कल्पना आहे. मग वाचत गेलो तसं लक्षात आलं की आपल्याकडे हे आधीपासूनच आहे. आपल्या शास्त्रकारांची तर पद्धतच अशी की आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं मांडायचं, आणि मग उत्तरपक्ष. हा नियम आम्ही शनिवारच्या सभेत जसाच्या तसा उचलला. विरोधात बोलणाऱ्याने पहिलं एक मिनिट समोरच्याचं म्हणणं सांगायचं. समोरचा "हो, हेच माझं म्हणणं" असं म्हणाला तरच पुढे बोलायचं. वादाच्या बाजूही चिठ्ठ्या टाकून ठरायच्या. आपल्याला न पटणारी बाजू वाट्याला आली तरी ती मांडायची.

महाराष्ट्राचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर जागोजागी अशा सभा दिसतात. १८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेतल्या तरुणांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. दादाभाई नौरोजी त्यांच्यात होते. तिच्या मराठी शाखेची म्हणजे ज्ञानप्रसारक सभेची धुरा दादोबा पांडुरंगांकडे होती. ही पोरं निबंध वाचत, वाद घालत, आणि नुसतं बोलून थांबली नाहीत. १८४९ मध्ये त्यांनी मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या. १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी ख्रिस्ती मिशनऱ्यांशी उघड्यावर वाद करत होते. त्याच वर्षी उत्तरेत बंडाचा भडका उडाला होता आणि इथे किनाऱ्यावर दोन धर्मांची माणसं प्रश्नोत्तरं करत होती, याचं मला नवल वाटतं. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ती चालवणाऱ्या संस्थेचं नावच वक्तृत्वोत्तेजक सभा.

आणि आपल्या वऱ्हाडातले गाडगेबाबा? त्यांचं कीर्तन म्हणजे भाषण नव्हतंच. ते समोरच्या माणसांना प्रश्न विचारत आणि माणसं ओरडून उत्तर देत. उत्तर देता देता माणूस स्वतःच्याच बोलण्यात सापडायचा. देवाला कोंबडं कापणारा, कर्ज काढून लग्नाची जेवणावळ घालणारा, सगळे हसत हसत खाली मान घालायचे. हे वक्तृत्व कोणत्या क्लबात शिकवत नाहीत.

नालवाडीत आलेला वक्ता

आता आपल्या गावाकडे येऊ. विनोबा नालवाडीत राहिले होते एवढं आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. पण ते आपल्याकडे कुठून आले हे पाहण्यासारखं आहे.

बडोद्याला शिकत असताना १९१४ च्या सुमारास विनोबांनी आणि त्यांच्या मित्रांनी विद्यार्थी मंडळ काढलं होतं. पोरं जमत, वाचत, भाषणं करत. घरोघर फिरून पुस्तकं गोळा करून त्यांनी चांगलं ग्रंथालय उभं केलं. एका वर्षी शिवजयंती कुठे साजरी करायची यावर त्यांची चर्चा झाली. शिवाजी महाराज स्वातंत्र्याचे भोक्ते, तेव्हा छपराखाली नको, डोंगरात करू, असं विनोबांनी सुचवलं. शाळेला सुट्टी नव्हती. इतिहासाचाच तास बुडवू, कारण आपण इतिहासच तर शिकणार, असं ठरलं. आणि दुसऱ्या दिवशी दंड होणार हे ओळखून पोरं चार-चार आणे खिशात घालूनच वर्गात गेली. वाद घालायचा, निर्णय घ्यायचा आणि त्याची किंमतही आधीच खिशात ठेवायची. सभेचं सगळं शास्त्र मला या एका गोष्टीत दिसतं.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात याच विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी गीतेवर प्रवचन दिलं. अठरा अध्याय, अठरा रविवार. समोर कैदी बसलेले. साने गुरुजींनी ते भराभर लिहून घेतलं म्हणून आज 'गीता प्रवचने' आपल्या घरात आहे. बोलणाऱ्याइतकंच लिहून घेणाऱ्याचं मोल असतं, हे सोसायटीचा सचिव म्हणून मी आवर्जून सांगतो. त्याची उलटी बाजू पुढे येईलच.

तुरुंगातून सुटल्यावर त्याच वर्षी २५ डिसेंबरला विनोबा नालवाडीत राहायला आले. वर्ध्यात त्यांना जागेची कमतरता नव्हती. पण नालवाडी ही तेव्हा मुख्यतः हरिजनांची वस्ती, आणि त्यांना तिथेच राहायचं होतं. इथे त्यांनी सूत कातून त्याच्या मजुरीवर जगण्याचा प्रयोग केला. १९३४ मध्ये ग्रामसेवा मंडळ उभं राहिलं. गोपाळराव वाळुंजकरांनी इथे चर्मालय चालवलं. ज्या धंद्याला गाव नाक मुरडत होतं तो धंदा त्यांनी शास्त्रशुद्ध पद्धतीने करून दाखवला. प्रकृती फार खालावली तेव्हा, १९३८ च्या मार्चमध्ये, विनोबा पवनारला धाम नदीकाठी गेले.

त्यानंतरची एक गोष्ट सभेच्या संदर्भात सांगितलीच पाहिजे. १९४० सालचा वैयक्तिक सत्याग्रह हा मुळात भाषणाच्या हक्कासाठी होता. युद्धाविरुद्ध बोलण्याची मोकळीक हवी, एवढीच मागणी. गांधीजींनी पहिला सत्याग्रही म्हणून विनोबांना निवडलं. १७ ऑक्टोबरला त्यांनी पवनारला भाषण केलं, मग आजूबाजूच्या गावांत केलं, आणि २१ तारखेला त्यांना अटक झाली. ना दगड, ना मोर्चा. माणूस उभा राहिला, बोलला आणि तुरुंगात गेला. आपल्या घरापासून काही मैलांवर हे घडलं आहे. आपण मात्र वार्षिक सभेत पंख्याखाली बसून तोंड उघडत नाही.

ठराव क्रमांक सात

आता जे लिहिणार आहे ते लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. पण रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत सगळंच गोड गोड लिहायचं असेल तर मग आमंत्रणपत्रिकाच पुरे.

ऑगस्ट २०१२ ची वार्षिक सभा. मी सचिव. नेहमीप्रमाणे वेळेवर गणपूर्ती नाही, सभा अर्धा तास तहकूब, मग त्याच जागी सुरू. विषय क्रमांक सात असा होता: घरकाम करणाऱ्या बायका, दूधवाले, पेपरवाले यांनी मागच्या गेटने यावे, आणि जिन्याजवळच्या बाकांवर किंवा बगिच्यात बसू नये. कारणही होतं. त्या पावसाळ्यात आपल्याकडच्या दोन सायकली चोरीला गेल्या होत्या आणि सगळेच धास्तावले होते. ठराव मांडणारे गृहस्थ काही वाईट नव्हते. त्यांच्याच नातवाची सायकल गेली होती. एकाने मांडलं, दुसऱ्याने अनुमोदन दिलं. चहा निवत होता. अध्यक्षांनी विचारलं, "कोणाला काही बोलायचं?" कोणीच बोललं नाही. मी इतिवृत्तात लिहिलं, "सर्वानुमते मंजूर." दोन-अडीच मिनिटांत विषय संपला.

मला बोलायचं होतं. आमच्या घरी पोळ्या करायला येणाऱ्या मावशी जुन्या नालवाडीच्या. आमचं काम आटोपलं की दुसऱ्या मजल्यावरच्या घराचं दार उघडेपर्यंत त्यांना वीस मिनिटं थांबावं लागे, तेव्हा त्या त्या बाकावर बसत. ठरावानंतर त्या रस्त्यापलीकडे नालीच्या कठड्यावर बसू लागल्या. वर्ध्याचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. त्या काही बोलल्या नाहीत. बोलली ती सौ. "शनिवारी एवढी भाषणं करता, तुमच्या मीटिंगमध्ये तोंडाला कुलूप लागलं होतं का?" मी म्हटलं, बहुमत होतं. ती म्हणाली, "बहुमत मोजलं होतं का?" नव्हतं मोजलं. विरोधी मत एक तरी होतं, ते माझंच. आणि "सर्वानुमते" हे माझ्याच अक्षरात होतं.

जानेवारी २०१३ मधला शनिवार. विषय पोरांनी चिठ्ठ्यांत लिहून डब्यात टाकलेले असायचे. त्या दिवशी निघालेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, "बाकावर कोणी बसावं?" कोणी लिहिली ते आजवर कळलं नाही. बाजूंच्या चिठ्ठ्या निघाल्या. ठरावाच्या बाजूने बोलायचं माझ्या वाट्याला आलं. विरोधात नववीतली एक मुलगी.

मी बँकेची नोट लिहावी तसं मुद्देसूद बोललो. सुरक्षितता, जबाबदारी, उद्या काही झालं तर कोण उत्तर देणार, एकाला सूट दिली तर सगळ्यांना द्यावी लागते. एकही चिंचोका पडला नाही. टाळ्या पडल्या. आणि बसता बसता माझ्या लक्षात आलं की न पटणारी गोष्ट मी किती सफाईने बोललो, आणि पटणारी गोष्ट सभेत मला एका वाक्यात बोलता आली नव्हती.

मुलगी उठली. नियमाप्रमाणे आधी माझी बाजू सांगितली. चोरीची भीती खरी आहे, ज्यांची सायकल गेली त्यांचं वाईट वाटलं पाहिजे, असं ती म्हणाली. हे मी माझ्या भाषणात म्हणायला विसरलो होतो. मग तिने विचारलं, "सायकली रात्री गेल्या. मावशी तर दुपारी घरी जातात. मग बाकाचा आणि चोरीचा संबंध काय?" टप, टप, चिंचोके पडत होते. तिचा आवाज कापत होता. पुढे म्हणाली, "ठरावात सर्वानुमते असं लिहिलं आहे. म्हणजे, सर्व म्हणजे, त्या मावशींना…" तेवढ्यात लाल पुठ्ठा वर गेला, ताट वाजलं, आणि ती वाक्य अर्धवट टाकून खाली बसली. पोरगी नियमाची पक्की. हॉलमध्ये कोणी काही बोललं नाही. तिच्या वाटीत सात चिंचोके होते.

त्या रात्री मी दप्तर काढून इतिवृत्त पुन्हा वाचलं.

सप्टेंबर २०१३ च्या वार्षिक सभेत मी स्वतः उठून तो ठराव रद्द करण्याची सूचना मांडली. पाय कापले, पण बोललो. मूळ ठराव मांडणाऱ्यांनी जोरदार विरोध केला. पन्नास मिनिटं चर्चा झाली. आवाज चढले, एक जण उठूनही गेले. शेवटी हात वर करून मोजणी झाली: बाजूने १४, विरोधात ९, तटस्थ ३. ठराव रद्द. मग अध्यक्षांनी एक फार चांगली गोष्ट केली. गेटवरचा दिवा, सायकलींसाठी लोखंडी स्टँड, रात्रपाळीचा वॉचमन हे सगळं बघायला एक समिती नेमली आणि विरोधात बोललेल्या त्याच गृहस्थांना तिचं प्रमुख केलं. त्यांनी ते काम इतकं मन लावून केलं की त्यानंतर आपल्याकडून सायकल गेलेली नाही.

वर्ध्याचा एक रौप्यमहोत्सव

अध्यक्षांनी ते नाव पुकारलं तेव्हा मला १९३७ सालची वर्ध्याची शिक्षण परिषद आठवली. तिची गोष्ट आजच्या प्रसंगाला फारच लागू आहे, म्हणून थोडी सविस्तर सांगतो.

वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयाचं नाव तेव्हा नुकतंच नवभारत विद्यालय झालं होतं. संस्थेचा रौप्यमहोत्सव आला. नुसता समारंभ न करता या निमित्ताने देशातल्या शिक्षणतज्ज्ञांना बोलावून गांधीजींच्या शिक्षणविषयक कल्पनेवर चर्चा घडवावी, असं चालकांनी ठरवलं. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला परिषद भरली. (स्मेडलीसाहेबांच्या पहिल्या सभेला त्या दिवशी बरोबर तेरा वर्षं झाली होती. हा निव्वळ योगायोग.) अध्यक्ष खुद्द गांधीजी. प्रांतांतून काँग्रेसची मंत्रिमंडळं नुकतीच आली होती, त्यामुळे मुंबईचे बाळासाहेब खेर, मध्य प्रांताचे रविशंकर शुक्ल अशी मंडळी हजर होती.

गांधीजींची कल्पना होती की मुलांनी हस्तोद्योगातून शिकावं, आणि मुलांच्या हातच्या मालातून शिक्षकाचा पगार निघावा. आता विचार करा, १९३७ साल, वर्धा गाव, अध्यक्षपदी महात्मा गांधी. विरोध कोण करणार? पण झाला. मुंबईचे अर्थशास्त्रज्ञ प्रा. के. टी. शहा यांनी विचारलं की शाळेतला माल बाजारात आला तर गावच्या कारागिराने जायचं कुठे? दिल्लीच्या जामिया मिलियाचे डॉ. झाकिर हुसेन यांनी सांगितलं की हस्तोद्योगातून शिकवण्याची पद्धत अगदीच नवी नाही, आणि पगार काढण्यावर फार भर दिला तर शिक्षक गरीब पोरांना राबवून घेणारे मुकादम होतील.

गांधीजींनी काय केलं? अभ्यासक्रम ठरवायला समिती नेमली आणि तिचे अध्यक्ष केले डॉ. झाकिर हुसेन. के. टी. शहाही त्याच समितीत. आणि त्या समितीत आपल्या नालवाडीत राहणारे विनोबाही होते. परिषदेच्या चौथ्या ठरावात शिक्षकाचा पगार या पद्धतीतून निघेल अशी अपेक्षा नोंदवली आहे, पण तिथे "हळूहळू" हा शब्द आहे. मला वाटतं, त्या एका शब्दात दोन दिवसांचा सगळा वाद साठवलेला आहे. सर्वानुमते हा शब्द लिहायला सोपा असतो. "हळूहळू" लिहायला समोरच्याचं ऐकावं लागतं. नई तालीमचा पुढे काय इतिहास झाला तो वेगळा विषय. पण तिची सुरुवात एका शाळेच्या रौप्यमहोत्सवातल्या वादातून झाली आणि ती आपल्या वर्ध्यात झाली.

झाकिर हुसेन पुढे राष्ट्रपती झाले. आपले काका सुरक्षा समितीचे प्रमुख झाले. प्रमाण लहान-मोठं, पद्धत तीच.

मागील सभेचे इतिवृत्त

मार्च २०२० मध्ये कोरोना आला आणि हॉलला कुलूप लागलं. कुलूप उघडलं तेव्हा हॉलमध्ये जुनी टाकी आणि मांडवाचे बांबू येऊन पडले होते. पोरं शिकायला बाहेर गेली. आता सगळी चर्चा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर होते. तिथे वेळेचं बंधन नाही, चिंचोका नाही, पूर्वपक्ष तर नाहीच. दोन वर्षांपूर्वी पार्किंगवरून ग्रुपवर जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. दोन घरं अजून एकमेकांशी बोलत नाहीत. समोरासमोर बसून पाच-पाच मिनिटं बोलले असते तर एवढं ताणलं नसतं असं मला वाटतं, कारण समोरच्याचा चेहरा दिसत असला की अर्धे शब्द तोंडातच राहतात.

एक गोष्ट राहिली. ठराव रद्द झाला तरी मावशी लगेच बाकावर बसल्या नाहीत. मी एकदा म्हटलं, "मावशी, आता बसत जा ना." त्या म्हणाल्या, "बसतो ना जी, आज घाई हाय." दिवाळीनंतर कधीतरी त्या पुन्हा बसलेल्या दिसल्या, तेही अगदी टोकाला. गुडघे दुखतात म्हणून चार वर्षांपूर्वी त्यांनी काम सोडलं. मी शनिवारच्या सभेत नऊ वर्षांत शंभरावर भाषणं केली. पण "त्या दिवशी मी बोललो नाही, माझं चुकलं" हे एक वाक्य मावशींना म्हणायचं राहून गेलं. ते म्हणायला ना हॉल लागतो, ना पुठ्ठे. त्यांचं घर इथून दहा मिनिटांवर आहे. ही स्मरणिका छापून आली की एक प्रत घेऊन जाणार आहे. त्यांची नात वाचून दाखवेल, पण ते वाक्य मीच म्हणीन.

प्रत्येक वार्षिक सभेत पहिला विषय असतो, "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे." आपण तो कधी ऐकतही नाही. पण चुकीची नोंद दुरुस्त करायची सोय तिथेच असते. म्हणून माजी सचिव या नात्याने ही दुरुस्ती इथे नोंदवतो. ऑगस्ट २०१२ च्या सभेतला ठराव क्रमांक सात सर्वानुमते मंजूर झालेला नव्हता. एक सभासद विरोधात होता. तो बोलला नाही.

आणि एक विनंती. रौप्यमहोत्सवाच्या तीन दिवसांत सत्यनारायण आहे, सत्कार आहेत, महिला मंडळाचा कार्यक्रम आहे, जेवण आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी ४ ते ६ ही वेळ पत्रिकेत रिकामी दिसली. मी संपादक मंडळाला सांगून ती मागून घेतली आहे. विषय: "पार्किंगची जागा चिठ्ठीने द्यावी की घराच्या आकाराप्रमाणे?" बाजू चिठ्ठीनेच ठरतील. त्या दोन्ही घरांना मी स्वतः जाऊन बोलावून आलो आहे. दोघांनीही "बघू" म्हटलं आहे. हॉलमधले बांबू काढायला दोन तरुण हात लागतील. ताट-चमचा माझ्याकडे आहे. चिंचोके सौ.ने डब्यात जपून ठेवले होते, तेही आहेत.